जांघेतल्या दोन गाठी

आषाढी बारस होती. एकादशीला पंढरपूर केलेली मंडळी दुसऱ्या दिवशी भगवंताच्या दर्शनाला बार्शीत येतात, आणि आमचं घर देवळापासून चालत दहा मिनिटांवर. त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते. अशा गर्दीत लेकराची अंघोळ म्हणजे मोरीत उभं करून भराभर चार तांबे ओतायचे. त्याच्या डोळ्यांत साबण गेला, त्याने भोकाड पसरलं, आणि पाणी ओतता ओतता माझा हात थांबला. उजव्या जांघेत, घडीच्या वरच्या अंगाला, लहानशा लिंबाएवढं काहीतरी वर आलं होतं. बोट लावलं तर मऊ. मी "अहो, इकडं या बरं" म्हणून हाक मारली. हे पाहुण्यांच्या पिशव्या ओलांडत येईपर्यंत पोरगा रडायचा थांबून तांब्यात हात घालून खेळायला लागला होता, आणि लिंबू गायब.

"कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"आत्ता होतं."

हे दोन शब्द मी पुढे इतक्या जणांना ऐकवले की माझा मलाच संशय यायला लागला.

लेक तेव्हा २ वर्षं ४ महिन्यांचा. पस्तिसाव्या आठवड्यात झालेला, म्हणजे तारखेच्या पाच आठवडे आधी. पहिले आठ दिवस काचेच्या पेटीत काढले, पण नंतर कुठे काही अडलं नाही. त्याचं हे पाच आठवडे लवकर येणं पुन्हा कधी मोजावं लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पाहुण्यांत आत्या होत्याच. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. त्या वैरागच्या अलीकडे गावी राहतात, बारशीला मुद्दाम येतात. त्यांनी पोराला मांडीवर आडवं घेतलं, जांघेत बोटं फिरवली आणि एका मिनिटात निकाल दिला, "अगं, अवधाण आलंय. त्याच्या पायात काटा मोडलावता न्हवं का मागल्या आठवड्यात?"

ते खरं होतं. गावाकडे बांधावर बाभळीचा काटा उजव्या तळव्यात मोडला होता. सुईने काढला, पण जागा पिकली होती. आत्यांनी माझं बोट धरून जांघेत टेकवलं. "ही बघ, चिंचोक्यावानी लागती का?" लागत होती. टणक, कातडीखाली इकडून तिकडे सरकणारी, दाबली की पोरगं कुरकुरायचं.

पायाला किंवा हाताला जखम झाली की जांघेत नाहीतर काखेत जी गाठ येते तिला आमच्याकडे अवधाण म्हणतात. शहरातल्या मैत्रिणींना हा शब्द माहीत नसतो, त्या एकदम 'लिम्फ नोड' म्हणतात. गोष्ट एकच. पायाकडून वर येणारा जंतूंचा माल तपासायला जांघेत चौक्या बसवलेल्या असतात, माल जास्त झाला की चौकी सुजते. आत्यांनी चौथीनंतर शाळा पाहिली नाही, पण जांघेत गाठ दिसली की आधी पाय बघायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक. पुढे एका डॉक्टरांनी मला हेच सांगितलं तेव्हा आत्यांचा हिशेब किती बरोबर होता ते कळलं.

चूक एवढीच, की मी पाहिलेली गाठ ती नव्हती. माझी मऊ होती, मोठी होती आणि वर होती. ही टणक, बारकी आणि घडीच्या खाली मांडीकडे. पण घरात वीस माणसं, पुरणाचा कुकर गॅसवर, आणि सगळ्यांनी "हां, अवधाण" म्हणून मान डोलावल्यावर "दुसरी पण होती" म्हणणारी मी एकटी. मीच मनाची समजूत घातली की एकच असेल, रडताना फुगून दिसली असेल.

तेवढ्यात आमच्या आजेसासूबाईंच्या कानावर 'जांघेत गाठ' एवढेच शब्द गेले. वय नव्वदीच्या पुढे. त्या एकदम ताठ बसल्या. "ताप हाय का त्याला?" असं चार-चारदा विचारत राहिल्या. ताप नाही म्हटल्यावरच टेकल्या. त्यांच्या आईने गाठीच्या तापाचे दिवस पाहिलेले. गाव ओस टाकून रानात झोपड्या घालून राहायचं, उंदीर पडला की निघायचं, अशा गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकलेल्या. १८९६ साली प्लेग मुंबईत आला, १८९७ मध्ये पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून काखा-जांघा चाचपायचे, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. त्यांच्या घरात तो इतिहास एका शब्दात उरलेला होता. गाठ म्हटलं की आधी ताप विचारायचा.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. पोरगा खांद्यावर झोपलेला, तसाच टेबलावर ठेवला. त्यांनी पाय पाहिला, चिंचोका चाचपला, जखम साफ करून पट्टी केली, पाच दिवसांचं अँटिबायोटिकचं सिरप दिलं. मी म्हटलं, "रडताना मोठी दिसते." ते म्हणाले, "दुखत असेल म्हणून रडतो." झोपलेल्या पोराच्या अंगावर त्यांना जे दिसलं त्याचं औषध त्यांनी दिलं. ते औषध लागूही पडलं. आठ-दहा दिवसांत तळवा भरून आला, चिंचोक्याची गाठ मुगाएवढी झाली. आत्यांचा फोन आला, "बसलं का अवधाण?" मी म्हटलं, बसलं.

लिंबू मात्र येतच होतं. सकाळी शीला कुंथताना, खोकताना, एकदा तर फुग्यामागे उड्या मारताना चड्डीच्या बाजूने फुगवटा दिसला. निजला की साफ. रोज दिसायचं असंही नाही, चार-चार दिवस पत्ता नसायचा. आमच्याकडे कालनिर्णयाच्या पानावर दुधाचा हिशेब असतो, लिटर लिहायच्या चौकोनातच मी बारीक 'लि' लिहायला लागले, लिंबूचा लि. ह्यांना वाटलं मी दूध मोजतेय. महिन्याच्या शेवटी गवळ्याचा हिशेब चुकला तेव्हा ते उघडकीला आलं आणि मग ते गंभीर झाले. चौदा 'लि' होते.

त्याच संध्याकाळी तो हट्ट करून रडायला लागला तेव्हा मी समजूत काढली नाही. पाषाणहृदयी आईसारखी चड्डी खाली करून मोबाईलवर व्हिडिओ काढला. हे म्हणाले, "भावजी पुण्याला आहेत, त्यांच्या ओळखीत डॉक्टर आहेत, घरच्या ग्रुपवर टाकू का?" मी फोन हिसकावला. पोरगं लहान आहे म्हणून त्याच्या जांघेचे फोटो पन्नास जणांत फिरवायचे नसतात. डॉक्टरांना दाखवला, काम झाल्यावर पुसून टाकला.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नंबर लागला. अपेक्षेप्रमाणे लिंबू आलं नाही. पोरगा टेबलावर खुशीत. बाईंनी त्याला गुदगुल्या केल्या, पिंपाणी फुंकायला दिली, माझ्या पायांना धरून उड्या मारायला लावल्या. काही नाही. मी घाबरत व्हिडिओ पुढे केला आणि कालनिर्णयाचं पानही. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, "निजल्यावर जाते ना? सकाळी उठल्यावर असते?" नसते म्हटलं. मग त्यांनी दोन्ही बाजूंना जांघेच्या वर हाडापाशी एक बोट आडवं फिरवलं, कितीतरी वेळ, रेशमाचा पोत बघावा तसं. "उजवीकडे दोरी जाड लागते," म्हणाल्या. "हा हर्निया आहे, पोटातलं आतडं जांघेत उतरतं. आणि खाली मांडीकडे जी मुगाएवढी लागते ती वेगळी, ती पायाची. दोन गाठी आहेत ह्याला."

दोन आहेत हे कुणीतरी म्हटलं, याचाच मला आधी आनंद झाला. हर्नियाची भीती मागाहून, रिक्षात बसल्यावर आली.

बाईंनी कागदावर एक रेघ ओढून दाखवली, जांघेची घडी. रेघेच्या खाली मांडीकडे हाताला लागणारी, येत-जात नसलेली, सरकणारी गाठ बहुधा अवधाण. एखाद सेंटिमीटरच्या असल्या गाठी धडधाकट मुलांनाही लागतात, डास चावून खाजवलं, लंगोटाने चट्टे उठले तरी येतात. दोन सेंटिमीटरच्या वर गेली, वाढतच राहिली, खाली चिकटून बसली, महिना-दीड महिना झाला तरी ओसरेना, किंवा सोबत ताप आणि वजन घटणं असेल, तर मात्र पुढचा तपास. रेघेच्या वर, शूच्या जागेच्या बाजूला, कधी खाली गोटीच्या पिशवीत उतरणारी आणि जोर केला की येणारी, ती हर्निया. "ही रेघ काही देवाने आखून दिलेली नाही," असंही त्या म्हणाल्या. घडीखालीसुद्धा क्वचित हर्निया येतो, म्हणून घरी निदान करत बसायचं नाही.

घरी सांगितल्यावर सासरे हसलेच. त्यांचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन पाच वर्षांपूर्वी झालेलं. जाळी बसवलेली. "मी जन्मभर उसाच्या मोळ्या उचलल्या म्हणून झाला. ह्यानं काय पोती उचलली?" प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर सोलापूरला बालशल्यचिकित्सकांकडे मिळालं.

सोलापूरच्या त्या ओपीडीत आमचा नंबर सव्वीसावा होता. अशा ठिकाणी आयांना फार वेळ गप्प बसवत नाही. "तुमचं काय?" विचारलं की समोरची सगळं सांगते. माझ्या शेजारी चार महिन्यांची मुलगी घेऊन तुळजापूरकडची एक बाई होती. मुलीच्या जांघेत बदामाएवढी टणक गाठ, दुखत नाही, रडत नाही, पण आत जात नाही. मला वाटायचं हर्निया पोरांनाच होतो. मुलींना कमी होतो एवढंच, आणि त्यांच्या पिशवीत आतड्याऐवजी अंडाशय उतरून बसू शकतो. तिला त्याच आठवड्यात यायला सांगितलं होतं, कारण त्याला पीळ पडला तर अवघड. पलीकडे एक गृहस्थ नऊ महिन्यांचा मुलगा घेऊन. त्याची एक गोटी खाली उतरलीच नव्हती, जांघेत हाताला लागणारी 'गाठ' म्हणजे ती गोटीच. सहा महिन्यांपर्यंत आपसूक उतरू शकते, पुढे सहसा उतरत नाही, मग वर्षाच्या आगेमागे ती खाली आणून बसवतात. त्यांच्या घरच्यांनी "मोठा झाला की उतरेल" म्हणून दोन महिने घालवले होते.

आणि एक तरुण आई, तिचं पाच महिन्यांचं बाळ. एका बाजूची पिशवी सकाळी लहान, संध्याकाळी टम्म. ती आतून येताना हसत होती. "पाणी आहे म्हणाले. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत थांबायचं, बहुतेक आपोआप जिरेल." एकाच दारातून एक जण वाट बघायचा सल्ला घेऊन बाहेर येतो आणि दुसरा ऑपरेशनची तारीख घेऊन, हे बाकड्यावर बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आमची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवला आणि पिशवीमागे बॅटरी धरली. पोरगा जाम खूश, त्याला वाटलं जादू. पाणी असेल तर लाल उजेड पडतो. पण तान्ह्या मुलांत आतड्यातूनही उजेड पडतो, तेव्हा एकट्या बॅटरीवर ते विसंबत नाहीत. मग दिवा लावला आणि माझ्या काळजात धस्स झालं. डावी गोटी जागेवर नव्हती. वातानुकूलित खोली, डॉक्टरांचे गार हात. ते शांतपणे म्हणाले, "मांडी घालून बसवा त्याला." मांडी घातल्यावर दोन मिनिटांत गोटी खाली आली. थंडीने, भीतीने वर सरकते, गरम पाण्याच्या अंघोळीत खाली येते, याला सहसा ऑपरेशन लागत नाही.

सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं. गोट्या मुळात पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्या जांघेतून खाली उतरतात, आणि उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची बोटासारखी पिशवी सोबत ओढत नेतात. मागचं हे दार जन्माच्या सुमाराला, कधी नंतरच्या काही महिन्यांत, आपोआप मिटतं. उजवी गोटी मागाहून उतरते म्हणून उजवं दार उघडं राहण्याचं प्रमाण जास्त. लवकर जन्मलेल्या मुलांचं तर बऱ्याचदा. फट बारीक राहिली तर पोटातलं पाणीच झिरपतं, तो हायड्रोसील. रुंद राहिली तर आतडं डोकावतं, तो हर्निया. वय झाल्यावर पोटाची भिंत ढिली पडते, तिला जाळीचं ठिगळ लागतं. इथे भिंत ठणठणीत आहे, दार लावायचं राहिलंय. पिशवीचं तोंड वर बांधून टाकायचं, जाळी नाही. "बेंबीचा हर्निया चार-पाच वर्षांत बहुतेक वेळा आपोआप मिटतो," डॉक्टर म्हणाले, "हा मिटत नाही. लंगोट आवळू नका, रुपया बांधू नका."

रुपयाचं त्यांना कसं कळलं कोण जाणे. आत्यांनी तांब्याचा पैसा काढून ठेवलाच होता.

सोनोग्राफी लागली नाही. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली, आणि ती नेमकी गणपतीत येत होती. आमच्याकडे गावी गौरी बसतात. थोरल्या सुनेने गौरीला नसायचं म्हणजे काय, ते मी इथे सांगत बसत नाही. तारीख अनंत चतुर्दशीच्या पुढे ढकलून घेतली. ढकलली ह्यांनी, पण मी "नको" म्हटलं नाही. डॉक्टरांनी कागदाच्या मागे स्वतःच्या हाताने लिहून दिलं. गाठ दगडासारखी घट्ट झाली, हात लावू देत नाही, निजवूनही आत जात नाही, उलटी झाली, तर ताबडतोब निघा. तोंडातून काही देऊ नका. जोर लावून आत ढकलू नका. तो कागद मी मंगळसूत्राच्या डबीत ठेवला होता.

गौरी जेवल्या त्या रात्री तो लागला.

पावसाळी खोकला दोन दिवसांपासून होताच. रात्री साडेदहाला पाय पोटाशी घेऊन किंचाळत उठला. चड्डी काढली तर जांघेत लिंबू नव्हतं, कवठ होतं. टणक, वरची कातडी तांबूस, बोट लावताच अंग आखडलं. खांद्यावर घेतला, आडवा केला, पाय उचलून धरले. नेहमी दोन मिनिटांत जाणारं ते जागचं हललं नाही. मग उलटी झाली, पुरणाची. आत्या ओव्याचं पाणी आणायला उठल्या, विटेचा शेक देऊ म्हणाल्या. त्यांना मी जन्मात पहिल्यांदा "नाही" म्हटलं, आणि ते मोठ्या आवाजात. त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग आत गेल्या. मला वाटलं रुसल्या. त्या टॉर्च, चादर आणि बॅटरीचा जुना डबा घेऊन बाहेर आल्या, "चल, मी मागं बसते."

चुलत दिराची जीप होती. वैराग ओलांडेपर्यंत वायपर चालेना, ह्यांनी हात बाहेर काढून फडक्याने काच पुसली. पोरगा रडून रडून दमला की गप्प व्हायचा, आणि तो गप्प झाला की मला जास्त भीती वाटायची. आत्या वाटभर एकच करत होत्या. दर थोड्या वेळाने टॉर्च लावून त्याचं पोट फुगलंय का बघायच्या आणि मला सांगायच्या, "न्हाय. मऊच हाय."

सोलापूरला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. केसपेपर निघायच्या आत एका मुलीने, डॉक्टरच असावी, चड्डी बाजूला करून पाहिलं आणि फोन लावला. सलाईन लागलं, दुखणं थांबायचं औषध, मग थोडं गुंगीचं. पलंगाची पायथ्याची बाजू उंच केली. सर्जन आले तेव्हा पोरगं पेंगत होतं. एका हाताने त्यांनी गाठीची मान धरली आणि दुसऱ्याने हळूहळू दाबत राहिले. घाई अजिबात नाही, कणीक तिंबून झाल्यावर गोळ्याला हात लावावा तितकाच दाब. पाच मिनिटं गेली असतील. माझे डोळे घड्याळावर. आणि एकदम गुर्र असा आवाज आला, मोरीतलं पाणी शेवटी ओढलं जातं तसा. जांघ सपाट.

"गेलं," डॉक्टर म्हणाले. तारीख पुढे ढकलल्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी वाट बघत होते. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मात्र आता घरी सोडणार नव्हते. अडकून बसल्याने आतली पिशवी सुजलेली असते, लगेच हात घातला तर ओल्या कागदासारखी फाटते, म्हणून दीड दिवस सूज उतरू दिली. तेवढ्यात पोट पुन्हा पुन्हा चाचपलं, गोटीचा रक्तपुरवठा दबला नव्हता ना तेही पाहिलं, कारण आतडं अडकतं तेव्हा शेजारून जाणारी तिची रक्तवाहिनीही चेपली जाते. शाबूत होती.

ऑपरेशनच्या सकाळी उपास. दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. सहा वर्षांच्या पोराला समजावता येतं, अडीच वर्षांच्या पोराला काय समजावणार? वॉर्डात एका मुलाच्या मावशीने "किती रडतंय गं" म्हणून एक बिस्किट हातात दिलं आणि त्याचं ऑपरेशन त्या दिवसापुरतं रद्द झालं. भुलेत उलटी होऊन अन्न श्वासनळीत जाण्याची भीती असते. ते पाहून मी आमच्या पोराला घेऊन जिन्यात जाऊन बसले, जिथे कुणी काही खात नव्हतं. तिथे आम्ही चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या चपला मोजल्या.

भुलीच्या डॉक्टर आल्या, त्यांनी खोकला ऐकला, छाती तपासली. झोपल्यावर पाठीच्या अगदी खाली, माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देणार, म्हणजे जाग आल्यावर काही तास दुखणार नाही, असं सांगितलं. मास्क लावेपर्यंत मला आत येऊ दिलं. तो मला धरून होता, आणि मग त्याची बोटं सैल पडली. दाराबाहेर आत्या माळ ओढत बसल्या होत्या. पाऊण तास लागला. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, पिशवी बांधली, आतडं चांगलं होतं.

घडीतच दीड इंचाची चीर, आत विरघळणारे टाके, वर पाणी न लागणारी पट्टी. दुसऱ्या दिवशी सोडलं. अडकलं नसतं तर त्याच संध्याकाळी घरी गेलो असतो. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी गोटीची पिशवी सुजून जांभळट झाली आणि मी परत 'लि' लिहायच्या बेतात होते. फोन केला, ते अपेक्षितच होतं, आठ-दहा दिवसांत ओसरलं. तीनचाकी सायकल तीन आठवडे बंद ठेवायला सांगितली होती. आम्ही ती माळ्यावर टाकली, तर तो पलंगावरून उड्या मारायला लागला. चौथ्या दिवसापासून मी त्याला पकडायचा नाद सोडला.

आत्यांनी गावभर सांगितलं की अवधाणच होतं, पण सोबत दुसरंही होतं. हे शब्दशः खरं असल्यामुळे मी कधी काही बोलले नाही. गावातल्या कुणाच्या लेकराला जांघेत गाठ आली की आता त्या आधी पाय बघतात, आणि मग पोराला रडवतात.

सुटताना सर्जन म्हणाले होते की डाव्या बाजूचं दारही उघडं असू शकतं. एका बाजूचं ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या सातेक मुलांना पुढे दुसऱ्या बाजूला निघतो. लक्ष ठेवा. तेव्हापासून तो मोरीत रडला, हसला, खोकला, शिंकला की माझी नजर डाव्या जांघेकडे जाते. आता तो चार पुरा करून पाचव्यात आहे. परवा अंघोळीत मला तसं बघताना त्याने पकडलं, टॉवेल ओढून घेतला आणि म्हणाला, "आई, तू बाहेर थांब."